हमामखान्याच्या दाराशी

'हमाम' हा शब्द आपणांपैकी बहुतेकांना परिचित झाला तो साबणाच्या वडीमुळे. टाटांच्या कारखान्याने १९३१ साली या नावाचा साबण बाजारात आणला आणि खेड्यापाड्यांतील न्हाणीघरापर्यंत हा अरबी शब्द जाऊन पोहोचला. परंतु ज्या वास्तूचे हे नाव, ती वास्तू कशी असे, ती आपल्या दख्खनेत कशी आली, तिच्यात पाणी कोठून येई, आणि मुख्य म्हणजे तिच्या दारातून आत जाण्याचा अधिकार कोणाला असे, याचा विचार आपण क्वचितच करतो. किल्ला पाहावयास गेलेल्या मंडळींना वाटाड्या एखादी पडकी घुमटाची खोली दाखवून 'हा शाही हमाम' असे सांगतो. मंडळी बेगमांच्या गुलाबपाण्याच्या कहाण्या ऐकतात आणि पुढच्या बुरुजाकडे वळतात. आज आपण त्या घुमटाखाली थोडा वेळ थांबणार आहोत.

प्रथम वास्तूची रचना पाहू. 'हमाम' हा शब्द तापविणे या अर्थाच्या अरबी धातूपासून झालेला आहे, आणि या वास्तूचे सारे मर्म त्या एका क्रियेत साठविलेले आहे. गरम हवा जमिनीखालून खेळवून खोल्या उबदार करण्याची विद्या मूळची रोमन लोकांची. फरशी लहान लहान खांबांवर उचलून धरावयाची, शेजारी भट्टी पेटवावयाची आणि तिची धग फरशीखालच्या पोकळीतून व भिंतींतील नळ्यांतून फिरवावयाची, अशी ती युक्ती होती. रोमचे साम्राज्य लयास गेल्यावर सीरिया, मिसर आणि उत्तर आफ्रिका या मुलखांत अरबांचे राज्य झाले. त्यांनी ही विद्या टाकून दिली नाही. ती उचलली आणि आपल्या रीतीप्रमाणे तिला वळण दिले. रोमन माणूस मोठ्या कुंडात सर्वांबरोबर डुंबत असे. अरबांना वाहते पाणी पसंत. म्हणून हमामात वाडग्याने पाणी घेऊन अंगावर ओतण्याची चाल पडली. तांब्याने अंगावर पाणी घेणाऱ्या आपल्या माणसास ती परकी वाटू नये.

हमामात ओळीने तीन दालने असत : पहिले थंड, दुसरे कोमट, तिसरे उष्ण. त्यांच्याही आधी कपडे उतरविण्याची व विसावा घेण्याची जागा असे. शरीरास एकदम उष्णतेचा धक्का बसू नये, पायरीपायरीने ऊब चढावी आणि परतताना तशीच पायरीपायरीने उतरावी, हा या क्रमातील हेतू. खिडक्या ठेवल्या तर वाफ निघून जाते आणि आतील माणसांची आबरूही राहत नाही. म्हणून उजेड यावयाचा तो वरून, घुमटाला पाडलेल्या ताऱ्यांच्या आकाराच्या झरोक्यांतून. अंग चोळणारे, न्हावी, भट्टीवाले, पाणके अशा कितीतरी लोकांचे पोट या एका वास्तूवर चालत असे. पुष्कळ हमाम मशिदी, पाठशाळा किंवा इस्पितळे यांच्या खर्चासाठी दान दिलेले असत, म्हणजे आंघोळीच्या पैशांतून विद्यार्थ्यांची आणि रुग्णांची सोय होई. चौदाव्या शतकातील थोर इतिहासमीमांसक इब्न खल्दून याने तर हमाम हे नागरी समृद्धीचेच लक्षण मानले आहे. दाट वस्तीच्या, सुस्थित शहरांतच ते आढळतात, असे त्याचे निरीक्षण आहे.

त्याच शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी जग पाहावयास निघाला. या गृहस्थाला हमामाची मोठी आवड आणि शिस्तीचीही तितकीच. बगदादच्या हमामात प्रत्येक स्नानार्थ्याला तीन पंचे मिळतात, एक आत जाताना नेसावयास, एक बाहेर येताना आणि एक अंग पुसावयास, हे त्याने कौतुकाने लिहून ठेवले आहे. उलट मिसर देशातील मिन्या नावाच्या गावी लोक हमामात वस्त्रावाचून वावरताना पाहून तो तडक तेथील अधिकाऱ्याकडे गेला. अधिकाऱ्याने हमाम चालविणाऱ्यांना बोलावून घेतले आणि पंचा नेसल्यावाचून कोणासही आत सोडणार नाही असे त्यांच्याकडून लिहून घेतले. 'हमामात सगळेच उघडे' अशा अर्थाची हिंदी म्हण आपण ऐकतो, पण इब्न बतूताला ती मान्य झाली नसती.

हाच प्रवासी पुढे दिल्लीस आला, दौलताबादेस गेला आणि नंदुरबारासही गेला. नंदुरबारच्या मराठ्यांविषयी त्याने जे लिहिले आहे ते आपणा सर्वांना ठाऊक असावयास हवे. हे लोक कलाकुसरीत निपुण आहेत, वैद्य व ज्योतिषी यांच्यातून निपजतात, भात, भाज्या आणि तिळाचे तेल हा यांचा आहार. आणि जेवण्यापूर्वी हे लोक स्नान करतात, तेही आमच्या धर्मात शुद्धीसाठी सांगितलेल्या सर्वांगस्नानासारखे, असे त्याचे म्हणणे. हमामांच्या देशातून आलेल्या माणसाला आपल्या पूर्वजांची आंघोळ लक्षात राहिली, आणि ती वर्णन करताना त्याला आपल्याच घरची उपमा सुचली. दोन स्नानप्रिय समाजांची ही गाठ मला फार अर्थपूर्ण वाटते.

तेथून तो समुद्रमार्गाने खाली आला तो आमच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील होन्नावर बंदरास. तेथे मुलींच्या तेरा आणि मुलांच्या तेवीस शाळा त्याने मोजल्या. शिक्षकाच्या पेशातील माणसाला हा आकडा विसरणे शक्य नाही. गोव्यासही तो गेला. अर्थात अरबांचा आणि या किनाऱ्याचा संबंध त्याच्याही पूर्वीचा. गोव्याच्या कदंब राजांनी अकराव्या शतकात अरब व्यापारी घराण्यातील माणसास राज्यकारभारात मोठे अधिकारपद दिले होते, आणि त्यांच्या ताम्रपटात मशिदीसाठी 'मिजिगिति' असा शब्द येतो. राजा शैव, कारभारी मुसलमान, असा तो काळ.

किनाऱ्यावर अरब व्यापारी आले, पण भट्टीचा, घुमटाचा, खरा हमाम दख्खनेत आला तो मुख्यतः इराणी कारागिरांच्या हातून, बहमनी सुलतानांच्या काळात. फिरोजशहा बहमनी १३९७ साली गादीवर आला. त्याने गुलबर्ग्याच्या दक्षिणेस भीमेच्या काठी फिरोजाबाद नावाचे नवे नगर वसविले. त्याच्या अवशेषांत जे हमाम आहेत, ते दख्खनेतील सर्वांत जुन्या हमामांपैकी होत. पुढे राजधानी बिदरला गेली आणि हमामही तिच्यामागून गेला. बिदरच्या किल्ल्यातील लालबागेजवळच्या शाही हमामात पुरातत्त्व खात्याने वस्तुसंग्रहालय मांडले आहे. तेथील मूर्ती आणि शस्त्रे पाहताना आपण स्नानगृहात उभे आहोत हे पुष्कळांच्या ध्यानीही येत नाही. दौलताबादच्या किल्ल्यातही असा हमाम आहे.

उत्तरेत मोगलांनी हीच आवड आणली. १५२६ साली पानिपत जिंकून बाबर आग्र्यास आला तेव्हा हिंदुस्थानात तीन गोष्टींनी तो बेजार झाला : ऊन, जोराचा वारा आणि धूळ. या तिन्हींवर एकच उतारा, तो म्हणजे हमाम, असे त्याने आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे आणि आग्र्याच्या बागेत लगोलग हमाम बांधविलाही. थंड प्रदेशात अंग शेकण्यासाठी निघालेली ही वास्तू हिंदुस्थानात उन्हापासून निवारा देणारी झाली.

या दोन्ही धारा, दख्खनी आणि मोगल, जेथे एकत्र आल्या ते ठिकाण बुऱ्हाणपूर. खानदेशच्या फारुकी सुलतानांची ही राजधानी. १६०१ साली अकबराने खानदेश घेतला आणि बुऱ्हाणपूर हे मोगलांचे दख्खनेतील मुख्य ठाणे झाले. आज हे शहर मध्य प्रदेशात असले तरी जळगाव जिल्ह्याच्या सीमेला लागून आहे आणि त्याच्या बाजारात मराठी सहज कानी पडते.

काही वर्षांपूर्वी सुटीत मला बुऱ्हाणपूर पाहण्याचा योग आला. आम्हा जोयड्याच्या माणसांना लोंढ्यास गाडी धरावी लागते. बेळगाव, मिरज, पुणे, मनमाड करीत भुसावळ गाठावे आणि मग तापीकाठचे हे शहर. किल्ला अगदी तापीच्या पात्रावर उभा आहे. त्याच्यातील शाही हमामात बाहेरच्या रखरखीत उन्हातून शिरलो तेव्हा बाबराचे म्हणणे पटण्यास पुस्तकाची गरज उरली नाही. जाड भिंती, वर कमानींच्या जाळीतून उचललेले छत, त्यावर चुन्याच्या गिलाव्यात रंगविलेल्या फुलवेली, आणि मधोमध हौद. रंग पुष्कळ ठिकाणी विटले आहेत, गिलावा गळाला आहे. तरी जे उरले आहे त्यावरून चितारणाराचा हात कळतो. हा हमाम शहाजहानने मुमताजमहलसाठी सजविला असे तेथे सांगतात. मुमताजमहल याच शहरात १६३१ च्या जूनमध्ये चौदाव्या बाळंतपणात मरण पावली आणि तापीपलीकडच्या जैनाबादेत तिला प्रथम पुरले, ही गोष्ट इतिहासप्रसिद्ध आहे. हमामाची नाजूक नक्षी आणि त्या बाईचे प्रसूतीतील मरण या दोन गोष्टी एकाच जागी आठवतात, तेव्हा शाही वैभवाच्या मर्यादाही कळून येतात.

परंतु बुऱ्हाणपूरचा मोठेपणा मला या शाही हमामात दिसला नाही. तो दुसऱ्या एका हमामात आणि त्याहूनही अधिक एका भुयारात दिसला. अकबराच्या दरबारातील अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजे आपण शाळेत ज्याचे दोहे शिकतो तो कवी रहीम, बुऱ्हाणपुरास सुभेदार होता. त्याने १६०७ च्या सुमारास येथे नगरवासीयांसाठी हमाम बांधविला. राजवाड्यातील हमाम आणि शहरातील हमाम यांत महदंतर आहे. पहिला धन्यासाठी असतो, तर दुसऱ्यात दिवसभर राबलेला विणकर, रंगारी, हमाल, परगावचा व्यापारी असा कोणीही जाऊ शकतो.

शहराला हमाम द्यावयाचा तर आधी शहराला पाणी द्यावयास हवे. तापी जवळून वाहते खरी, पण शहर उंच काठावर. म्हणून खानखानाच्या काळी १६१५ साली तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीखालून तापीकडे झिरपणारे पाणी शोधून काढले. ते अडवून त्याला भुयाराने शहराकडे वळविले. या भुयारावर ठराविक अंतराने कुंड्या, म्हणजे विहिरीसारखे उभे मार्ग, काढलेले आहेत. त्यांची संख्या शंभरावर आहे. हाच तो कुंडी भंडारा. पंप नाही, रहाट नाही. केवळ उतार साधून पाणी आपोआप शहराकडे चालत जाते. एका कुंडीवर वाकून पाहिले तर खोलवर पाण्याचा आवाज येतो. आत भिंतींवर चुनखडीचे पांढरे थर बसलेले आहेत. चारशे वर्षे लोटली तरी शहराच्या काही भागास हे पाणी मिळत आले आहे. पाण्याचे महत्त्व सांगणारा रहीमचा दोहा पाठ करून घेताना मुलांना मी आता ही हकीकत सांगतो. पाणी राखावे असे ज्याने लिहिले, त्याच्याच कारकिर्दीत ते राखलेही गेले.

ही विद्या इराणातून हमामाच्याच वाटेने आली. बिदरजवळ नौबाद येथे असेच जमिनीखालचे कारेझ आहे. औरंगाबादेत मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी खोदविलेली नहर आहे. हमाम आणि नहर ही जोडभावंडे आहेत. एक डोळ्यांना दिसते, दुसरे जमिनीखाली असते, म्हणून पहिल्याचे कौतुक होते आणि दुसऱ्याचा विसर पडतो. पाणी कोठून येते आणि त्यासाठी कोणी काय सोसले, हा प्रश्न आम्हा जोयड्याच्या लोकांना विसरता येत नाही. काळी नदीवरील सुपे धरण १९८७ साली पुरे झाले, आणि आमच्या तालुक्याचे जुने ठाणे सुपे हे त्याच्या जलाशयाखाली गेले.

आता थोडे घराजवळ येऊ. रामनगरहून अनमोडचा घाट उतरला की मोले आणि तेथून पुढे फोंडे. फोंड्याची साफा मशीद रस्त्यालगतच आहे. उंच जोत्यावर उभी असलेली एकदालनी, कौलारू, साधीच वास्तू. परंतु तिच्या बाजूचा जांभ्या दगडाचा चौरस तलाव पाहण्याजोगा आहे. पायऱ्या उतरून खाली गेले की तलावाच्या भिंतीत कमानींच्या लहान लहान खोल्या दिसतात. त्यांना हमामखाने म्हणतात. काटेकोरपणे बोलावयाचे तर हा उघडा तलाव आहे, घुमटाखालचा हमाम नव्हे. पण नमाजापूर्वीच्या शुद्धीची आणि कोकणातल्या तळीची सांगड येथे घातलेली आहे, आणि तीही आपल्याच मातीच्या दगडात. घडणीत तो शेजारच्या देवळांच्या तळ्यांचा सख्खा भाऊ शोभतो.

ही मशीद इब्राहिम आदिलशहाने १५६० साली बांधली असे सांगितले जाते. यात एक अडचण आहे. इब्राहिम १५५८ सालीच मरण पावला होता आणि १५६० साली विजापूरच्या गादीवर त्याचा मुलगा अली होता. साल खरे धरले तर मशीद अली आदिलशहाच्या कारकिर्दीतील ठरते. पण १५६० हे साल आणखी दोन कारणांसाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. याच साली कुठ्ठाळीच्या मंगेशाची मूर्ती भक्तांनी नदीपलीकडे आदिलशाही मुलखात, प्रियोळास नेली. पुढे १५६६ साली केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. आणि याच १५६० साली पोर्तुगीज गोव्यात धर्मन्यायासनाची, म्हणजे इन्क्विझिशनची, स्थापना झाली. म्हणजे एका बाजूस फोंड्याच्या परिसरात मशिदीचा तलाव आणि देवळांची तळी शेजारी शेजारी बांधली जात होती, आणि खाडीपलीकडे माणसांच्या घरात डोकावणारे एक न्यायासन उभे राहत होते. पुढे फोंडे महाल आमच्या जिल्ह्यातील सोंध्याच्या राजांकडे होता. १७६३ च्या सुमारास तो पोर्तुगिजांकडे गेला, तेव्हा धर्मसक्तीचा पहिला जोर ओसरला होता. म्हणून ती देवळे राहिली, आणि ही मशीदही राहिली.

न्यायासनाचा आणि हमामाचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो संबंध कळण्यासाठी आपल्याला स्पेनमध्ये जावे लागेल. स्पेन देशावर अरबांचे आणि त्यांच्या सहधर्मीयांचे राज्य कित्येक शतके होते आणि तेथे गावोगाव हमाम होते. उत्तरेकडील ख्रिस्ती राजांनी ती शहरे एकेक करून जिंकली तेव्हा प्रारंभी त्यांनी हमाम मोडले नाहीत. ते स्वतःच वापरू लागले. क्वेन्का नावाच्या शहराची बाराव्या शतकाअखेरची सनद आजही वाचता येते. तिच्यात हमामाचे वेळापत्रकच घालून दिलेले आहे : मंगळवार, गुरुवार, शनिवार पुरुषांसाठी, सोमवार, बुधवार स्त्रियांसाठी, शुक्रवार आणि रविवार यहुदी लोकांसाठी. भेद आहेत, पण दार सर्वांसाठी कधी ना कधी उघडते.

साडेतीनशे-पावणेचारशे वर्षांनी चित्र पालटले. १४९२ साली ग्रानाडा पडले. तेथील मुसलमानांना पुढे बाप्तिस्मा घ्यावयास लावले. तरी ते मनातून मुसलमानच आहेत हा संशय गेला नाही. मग त्यांचा पोशाख, भाषा, नावे, लग्नातील नाचगाणी या सर्वांत धर्मद्रोह दिसू लागला, आणि आंघोळीतही. राजा दुसरा फिलिप याच्या आज्ञेने १५६७ च्या जानेवारीत ग्रानाडातील हमाम बंद करण्यास आणि पाडण्यास आरंभ झाला. त्या वेळी फ्रान्सिस्को नुन्येस मुले नावाच्या एका वृद्ध सरदाराने अधिकाऱ्यांपुढे निवेदन मांडले. तो स्वतः त्या मुसलमान वंशातील, पण आयुष्यभर ख्रिस्ती राजसत्तेची सेवा केलेला. त्याचे म्हणणे अगदी साधे होते. हमाम हे स्वच्छतेसाठी आहेत, त्यांत धर्मविधी होत नाहीत. ज्यांचे काम मळाचे आणि घामाचे, त्यांनी अंग कोठे धुवावे? त्याचे कोणी ऐकले नाही. १५६८ च्या नाताळात बंड उसळले, दोन-अडीच वर्षे रक्तपात झाला, आणि १६०९ पासून त्या संपूर्ण समाजाला देशाबाहेर घालविण्यात आले.

ग्रानाडात दारो नदीच्या काठी 'बान्युएलो' नावाचा एक अरबी हमाम मात्र वाचला. लोकांनी त्याच्यावर राहते घर बांधले होते, ते घरच त्याचे कवच ठरले. १९१८ साली तो राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाला आणि पुढे त्याची डागडुजी झाली. घोड्याच्या नालेसारख्या कमानी, रोमन व इतर जुन्या वास्तूंतून आणून बसविलेली खांबांची मस्तके आणि घुमटातील ताऱ्यांचे झरोके पाहावयास आज देशोदेशींचे लोक येतात. ज्या सत्तेने हमाम पाडले त्याच देशाला आज त्याचा अभिमान वाटतो.

मी स्वतः कॅथलिक आहे, आणि म्हणूनच ही हकीकत सौम्य करून सांगावी असे मला वाटत नाही. गोव्यातही १७३६ च्या फर्मानाने नवख्रिस्त्यांच्या पोशाखावर, तुळशीवर, लग्नातील ओव्यांवर, इतकेच काय, मिठावाचून शिजविलेल्या भातावरही बंदी घातली होती. आमच्या जोयडा तालुक्यात घाट चढून आलेली गोव्याची घराणी आहेत. त्यांच्या आजीपणज्यांच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या, त्यांना सहज कळेल की असल्या फर्मानांनी श्रद्धा वाढत नाही, फक्त भीती वाढते. घरातील रीत आणि मनातील धर्म एकच आहेत असे राज्यकर्ते मानू लागले की तांब्याभर पाण्यातही त्यांना बंड दिसू लागते.

पण श्रोतेहो, दुसऱ्यांच्या देशातील बंद दारे दाखवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. जेवणापूर्वी सर्वांगस्नान करणाऱ्या ज्या समाजाचे इब्न बतूताने वर्णन केले, त्याच समाजात लाखो माणसांना सार्वजनिक पाण्याला हात लावण्याची मनाई होती. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले चवदार तळेही खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर दार उघडले, प्रत्यक्षात उघडले नाही. म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर काही लोकांनी शेण-गोमूत्राचे घडे ओतून तळे 'शुद्ध' करून घेतले. न्यायालयातील वाद मुंबईच्या उच्च न्यायालयात संपला तो १९३७ साली. ज्या तळ्यावर गुरे-ढोरे पाणी पीत, तेथे माणसाला पाणी पिण्यासाठी दहा वर्षे न्यायालयात भांडावे लागले.

ग्रानाडाच्या अधिकाऱ्याला आंघोळीत परधर्म दिसला, महाडच्या सनातन्याला माणसाच्या ओंजळीत विटाळ दिसला. दोघांनीही शुद्धीच्या नावाने पाण्याचे दार लावून घेतले. याच्या उलट बुऱ्हाणपूरचा खानखाना, क्वेन्काचा सनदकर्ता आणि महाडच्या तळ्यावर उतरलेले ते लोक. यांचे धर्म निराळे, काळ निराळे, अधिकार तर जमीन-अस्मानाच्या अंतराचे. परंतु पाणी हे सामाईक धन आहे, हे या सर्वांनी आपापल्या परीने ओळखले होते.

आपल्या रोजच्या न्हाणीकडे पाहिले तरी हेच दिसेल. 'न्हाणी' हा शब्द संस्कृत 'स्नान' या शब्दाच्या कुळातला, पाणी तापविण्याचा 'बंब' पोर्तुगिजांनी दिलेल्या शब्दाचा, आणि साबणाच्या वडीवर छापलेला 'हमाम' अरबांचा. या तिन्ही भाषांचे लोक एके काळी एकमेकांशी लढले. आपल्या न्हाणीत मात्र त्यांचे शब्द शेजारी शेजारी नांदत आहेत आणि सकाळच्या घाईत आपल्याला त्यांची आठवणही होत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच की, बिदर, दौलताबाद, बुऱ्हाणपूर किंवा फोंडे, कोठेही जाल तेव्हा हमामापाशी थांबा, आणि मुलांना तीन प्रश्न विचारावयास लावा. पाणी येथे कोठून येत होते? ते कोण वाहून आणीत होते आणि कोण तापवीत होते? आणि या दारातून आत कोणाला सोडीत होते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर भूगोलात मिळेल, दुसऱ्याचे समाजाच्या इतिहासात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मुले कदाचित आपल्याच गावच्या पाणवठ्याविषयी विचारतील. त्या वेळी त्यांना खरे उत्तर द्यावयास आपण सिद्ध असले पाहिजे.